दहा तारखेचा नियम आणि बँकेतला संगणक

३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावरचं व्याज कसं मोजलं जायचं, हे चाळिशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तेवढ्याच रकमेवर त्या महिन्याचं व्याज. समजा, खात्यात महिनाभर ५०,००० रुपये पडून होते आणि २८ तारखेला मुलीच्या फीसाठी तुम्ही ४९,००० काढले. बँकेच्या लेखी त्या महिन्यात तुमचे १,००० रुपयेच होते. अकरा तारखेला भरलेल्या पैशांना तर त्या महिन्याचं व्याजच नाही. त्यामुळे पैसे भरायचे तर दहाच्या आत भरून ये, असं घरोघरी बजावलं जायचं.

१ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिल्लकीवर व्याज द्यायला लावलं. दर तोच राहिला, साडेतीन टक्के. तरीही बहुतेक खातेदारांच्या हातात पूर्वीपेक्षा जास्त पडू लागलं.

मग आधीचा नियम असा का होता? व्याज हाताने काढायचं होतं म्हणून. शाखेत हजारो खाती. प्रत्येक खात्याचा महिन्यातून एक आकडा काढायचा तरी सहामाहीला कारकुनांना रात्री जागवाव्या लागत. रोजच्या शिल्लकीवर व्याज म्हणजे प्रत्येक खात्याचे महिन्याला तीस आकडे. ते माणसांकडून होणं शक्यच नव्हतं. म्हणून ही तडजोड झाली आणि लोकांनी तिला बँकेचा कायदा मानलं.

तंत्रज्ञान बदललं की धंद्याचं आणि कामाच्या जागेचं काय होतं, हे समजून घ्यायला मला हा नियम फार उपयोगी वाटतो. कुठल्याही ऑफिसात जे नियम, हुद्दे, मानपान, सवयी दिसतात, त्यातलं बरंचसं कुणी बसून ठरवलेलं नसतं. जुन्या साधनाला जे जमत नव्हतं, त्याच्याभोवती माणसांनी केलेल्या त्या तडजोडी असतात. साधन बदललं की त्यांची गरज संपते. काही तडजोडी निव्वळ अडचणीपोटी होत्या, त्या गेल्या ते उत्तमच. पण काही तडजोडींच्या पोटात दुसरंही काम चालायचं: एकमेकांचं काम तपासणं, नव्या माणसाला शिकवणं, गिऱ्हाइकाला ओळखणं. ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. म्हणून यंत्र आणणाऱ्याला ते दिसत नाही, आणि यंत्राबरोबर तेही निघून जातं.

आपल्याकडच्या बँकांमध्ये हे गेल्या चाळीस वर्षांत अगदी डोळ्यांदेखत घडलं आहे. त्यामुळे तिथलंच उदाहरण तपशिलात पाहू.

१९८०च्या आसपासची शाखा डोळ्यांपुढे आणा. पैसे काढायचे म्हणजे स्लिप आणि पासबुक काउंटरवर द्यायचं, पितळी टोकन घ्यायचं आणि बाकावर बसायचं. आत कारकून जाडजूड लेजर, म्हणजे खात्यांची वही, उघडणार, तुमच्या खात्याचं पान (फोलिओ) काढणार, रक्कम नावे टाकणार, म्हणजे खात्यातून वजा करणार, नवी शिल्लक मांडणार. मग शिपाई ते लेजर उचलून अधिकाऱ्याच्या टेबलावर नेणार. अधिकारी नमुना सहीच्या कार्डाशी सही ताडणार, शिल्लक बघणार, आद्याक्षरी करणार. तिथून स्लिप कॅशियरकडे. कॅशियर टोकनचा नंबर पुकारणार. दोनशे रुपये काढायला पाऊण तास गेला तर कुणी तक्रार करत नसे.

एवढा उशीर का, असा वैताग त्या वेळी रास्तच होता. पण त्या पाऊण तासात तीन वेगवेगळ्या माणसांनी तोच व्यवहार पाहिलेला असायचा. कारकुनाने शिल्लक पाहिली, अधिकाऱ्याने सही पाहिली, कॅशियरने माणूस पाहिला. लेजरवर बरीच वर्षं बसलेल्या कारकुनाला गावातला कोणता दुकानदार ओढगस्तीत आहे आणि कोणाच्या खात्यातून अचानक मोठ्या रकमा निघू लागल्यात, हे वेगळं विचारावं लागत नसे. कर्जाचा अर्ज आला की मॅनेजर आधी त्याला हाक मारायचा.

आणखी एक काम होतं, बॅलन्सिंग. ठरावीक मुदतीने सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी करायची, बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या एकूण हिशेबाच्या वहीशी, जुळवायची. जुळली नाही की ‘डिफरन्स’ शोधणं आलं. आणि त्याची एक विद्या होती. फरकाला ९ ने भाग जात असेल तर बहुधा कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत: ७२० च्या जागी २७० लिहिले की फरक ४५० येतो, आणि ४५० ला ९ ने भाग जातो. दोन शेजारचे आकडे अदलाबदल झाले की फरक नेहमी ९ च्या पटीतच येणार, हे साधं गणित आहे. फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची, कारण जमेची रक्कम चुकून नावे पडली तर फरक दुप्पट दिसतो. ३५० जमा करायचे ते नावे टाकले, फरक ७०० चा. एक-एक रुपयाच्या फरकासाठी अर्धी शाखा थांबायची, वडे मागवले जायचे, ज्येष्ठ कारकून नव्या पोराला शेजारी बसवून आकडे वाचून दाखवायला लावायचे. त्या संध्याकाळींमध्ये नवीन भरती झालेला मुलगा बँकिंग शिकत होता. प्रशिक्षण केंद्रातल्या वर्गापेक्षा जास्त शिकत होता, असं मी म्हणेन.

या जगात संगणक आला तो भांडणातून. १९६९ साली १४ आणि १९८० साली ६ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा गावोगाव गेल्या, काम अफाट वाढलं. लेजर वेळेवर जुळेनासे झाले. यंत्रांशिवाय हे निभणार नाही हे दिसत होतं. पण कर्मचारी संघटनांच्या दृष्टीने संगणक म्हणजे नोकऱ्यांवर गदा. सुशिक्षित बेकारांच्या त्या काळात ही भीती खरी होती आणि तिला प्रतिगामी म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे. १९८३ मध्ये बँकांचा संघ आणि संघटना यांच्यात यंत्रांबाबत पहिला करार झाला. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. कुठल्या शाखेत किती यंत्रं, ती कोणत्या कामासाठी, याच्या चौकटी ठरल्या. १९८७ मध्ये दुसरा करार झाला आणि १९९३ मध्ये तिसरा, ज्याने खऱ्या अर्थाने दार उघडलं.

शाखांमध्ये आधी आली ती लेजर पोस्टिंग मशीन. आणि इथे एक गंमत बघण्यासारखी आहे. यंत्र आलं, पण शाखा तशीच राहिली. पूर्वी जिथे लेजर असायचं तिथे यंत्र बसलं. एकेका यंत्रात खात्यांचा एकेक गट, यंत्रं एकमेकांना जोडलेली नाहीत. गिऱ्हाईक त्याच काउंटरसमोर उभं, अधिकारी तसाच सही करणार, शिवाय यंत्रावर भरवसा नाही म्हणून काही ठिकाणी लेजरही हातानेच लिहिलं जाणार. काम कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झालं.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत एडिसनचं पहिलं मोठं वीजकेंद्र १८८२ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं, पण कारखान्यांच्या उत्पादकतेत मोठी उडी दिसली ती १९२०च्या दशकात. मधली चाळीस वर्षं काय झालं? वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी विजेची मोटर लावली गेली, आणि छतालगतचा लांब दांडा, पट्टे, त्यांच्या सोयीने मांडलेली यंत्रं तशीच राहिली. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर लावता येते आणि मग यंत्रं कामाच्या क्रमाने मांडता येतात, हे उमगायला आणि तसे कारखाने बांधायला एक पिढी गेली. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये हाच दाखला देऊन संगणकाबद्दलचं कोडं उलगडलं होतं: संगणक सगळीकडे दिसतो, मग उत्पादकतेच्या आकड्यांत का दिसत नाही? कारण यंत्र विकत आणता येतं. कामाची मांडणी बदलायला वेळ लागतो.

बँकांमधली मांडणी खरी बदलली ती कोअर बँकिंगने. स्टेट बँकेने २००३ च्या सुमारास हे काम हाती घेतलं आणि २००८ पर्यंत सगळ्या शाखा एका प्रणालीवर आणल्या. बाकीच्या बँकाही मागेपुढे तिथे पोहोचल्या. कोअर बँकिंग म्हणजे सोप्या शब्दांत एवढंच: प्रत्येक शाखेची वेगळी वही बंद, सगळ्या बँकेची एकच वही, आणि ती मुंबईत किंवा हैदराबादेत कुठेतरी डेटा सेंटरमध्ये. तुम्ही शाखेचे खातेदार होतात, ते बँकेचे झालात. साताऱ्याचा खातेदार नागपुरात पैसे काढू लागला. दहा तारखेचा नियम संपवता आला तो या जोरावरच.

वही शाखेतून गेली, तिच्याबरोबर अधिकारही गेला. पूर्वी मॅनेजर म्हणजे गावातलं वजनदार माणूस, कारण कर्जाचा निर्णय त्याच्या टेबलावर व्हायचा. हळूहळू कर्जाची छाननी वेगळ्या कक्षाकडे गेली, खातं उघडण्याची कागदपत्रं दूरच्या प्रक्रिया केंद्राकडे गेली. शाखेत उत्तरं देणाऱ्याच्या तोंडी नवी वाक्यं आली: ‘सिस्टिम घेत नाही’, ‘लिंक नाही’, ‘वरून होईल’. त्यात कामचुकारपणा असतोही कधीकधी, पण बहुतेक वेळा ते शब्दशः खरं असतं. त्या माणसाच्या हातात आता तो निर्णयच नाही. गिऱ्हाईक मात्र रागावतं ते समोरच्यावर.

याच वळणावर आणखी एक घटना घडली, जिची पुरेशी चर्चा झाली नाही असं मला वाटतं. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. १५ वर्षं नोकरी झालेल्यांना किंवा चाळिशी गाठलेल्यांना ती घेता येत होती. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे साठ दिवसांचा पगार, अशी भरपाई होती. सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली. ताळेबंदाच्या हिशेबात ती बचत होती. पण बाहेर पडली ती नेमकी डिफरन्सची विद्या येणारी, खातेदार ओळखणारी पिढी. कोअर बँकिंग येण्याच्या तोंडावर ती गेली. नव्या प्रणालीत काय टिकवायला हवं हे सांगू शकणारी माणसं प्रणाली बसवताना खोलीत नव्हती. त्यानंतर आलेली मुलं हुशार होती, कीबोर्डवर वेगवान होती. पण पडद्यावरचा आकडा चुकला असावा असा संशय यायला जो सराव लागतो, तो द्यायला शेजारी कुणी नव्हतं.

नोकऱ्या मात्र भीती होती तशा सरसकट गेल्या नाहीत. भारतातलं पहिलं एटीएम १९८७ मध्ये मुंबईत एचएसबीसीने लावलं. अमेरिकेत एटीएम खूप आधी पसरली होती, आणि तिथला अनुभव अर्थशास्त्रज्ञ जेम्स बेसन यांनी मांडला आहे: एटीएममुळे एका शाखेला लागणारे टेलर, म्हणजे काउंटरवर पैसे देणारे-घेणारे कर्मचारी, कमी झाले, त्यामुळे शाखा चालवणं स्वस्त झालं, म्हणून बँकांनी शाखा वाढवल्या आणि एकूण टेलरांची संख्या अनेक वर्षं घटली नाही. बदललं ते काम. नोटा मोजणं गेलं, गिऱ्हाइकाला काहीतरी विकणं आलं.

आपल्याकडेही तसंच झालं, आणि माझ्या मते सर्वांत खोल बदल हाच आहे. काउंटरवरच्या माणसाला पूर्वी ‘जुळलं का?’ असं विचारलं जायचं. आता ‘किती पॉलिसी झाल्या?’ असं विचारलं जातं. विमा, म्युच्युअल फंड, क्रेडिट कार्ड यांची उद्दिष्टं, आणि संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणत्या शाखेचा किती आकडा ते सगळ्यांसमोर. ही संगणकाचीच देणगी आहे, कारण प्रत्येकाचा आकडा क्षणात मोजता येतो. मोजता येतं तेच मोजलं जातं. पेन्शन न आल्याने घाबरलेल्या आजींना वीस मिनिटं समजावून सांगितलं, याचा रकाना कुठल्याच अहवालात नाही.

आता तपासणीचं काय झालं ते पाहू. नव्या प्रणालीत एक जण नोंद करतो, दुसरा आपल्या पासवर्डने मंजूर करतो. जुन्या तीन नजरांचा हा संगणकी अवतार, आणि तो उत्तम आहे, जोवर दुसरा माणूस खरंच पाहतो तोवर. गर्दीच्या वेळी पासवर्ड सांगून टाकण्याची सवय लागली की दोन नजरांची एकही नजर उरत नाही. लेजर उचलून टेबलावर नेताना अधिकाऱ्याला ते निदान उघडावं लागत होतं.

२०१८ च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा उघड झाला. सुरुवातीला सांगितलेला आकडाच ११,००० कोटींच्या वर होता. परदेशातल्या बँकांना ‘आम्ही हमी घेतो’ असे संदेश स्विफ्ट या बँकांच्या संदेशयंत्रणेतून गेले होते, आणि त्यांची नोंद कोअर बँकिंगमध्ये नव्हती. दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. त्यामुळे बँकेच्या वहीत ती देणी दिसतच नव्हती, आणि सगळ्यांनी पाहायचं ठरवलं होतं ते त्या वहीतच. ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा आपण बँकांना या धोक्याबद्दल सावध केलं होतं, असं रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितलं. मग दोन्ही जोडण्यासाठी ३० एप्रिल २०१८ ही मुदत दिली गेली.

याच्या उलट टोकाचं उदाहरण ब्रिटनचं आहे, आणि ते वाचताना जीव कासावीस होतो. तिथल्या पोस्ट खात्याने १९९९ पासून शाखांच्या हिशेबासाठी होरायझन नावाची प्रणाली आणली. ती कधीकधी चुकीची तूट दाखवायची. गावोगावी पोस्टाची शाखा चालवणारी साधी माणसं सांगत राहिली की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. पण संगणक बरोबरच चालतो असं तिथलं न्यायालय गृहीत धरत होतं. लोकांनी घरं गहाण टाकून तूट भरली. ९०० हून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचं मान्य केलं आणि २०२४ मध्ये खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. लेजरच्या काळात तूट आली की पहिला प्रश्न असायचा, ‘नोंद कुठे चुकली?’ होरायझनच्या काळात पहिला प्रश्न झाला, ‘पैसे कुणी खाल्ले?’ संस्कृती बदलते म्हणजे काय, ते या दोन प्रश्नांत दिसतं.

आता यूपीआयने काउंटरच खिशात आणला आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या सोयीवर ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनंही बँकांच्या दारात आहेत. पण मला जास्त काळजी वाटते ती मोठ्या बँकांपेक्षा आपल्या गावातल्या पतसंस्थांची, कारण त्यांच्याकडे चूक पचवायला भांडवल नाही आणि त्या हा प्रवास आत्ता करताहेत.

पिग्मी एजंटचं बघा. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये उडुपीहून सुरू केलेली ही रोजच्या बचतीची योजना महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी आपलीशी केली. एजंट रोज दुकानोदुकानी फिरतो, पन्नास-शंभर रुपये घेतो. आधी कार्डावर हाताने लिहायचा, मग हातातलं छोटं मशीन आलं, पावती निघू लागली, मोबाइलवर मेसेज येऊ लागला. हा बदल निखालस चांगला. कार्डावर एक आणि संस्थेत दुसरंच, असे प्रकार त्याने अवघड केले. पुढची पायरी म्हणजे क्यूआर कोड: दुकानदाराने स्वतःच रोज पैसे पाठवावेत, एजंटचं कमिशन वाचवावं. हिशेबाने पटण्यासारखं आहे.

पण एजंट फक्त पैसे आणत नव्हता. कुणाचं शटर चार दिवस खाली आहे, कुणाच्या घरात आजारपण आहे, कोण रोजचे शंभर सोडून वीसवर आलाय, हे त्याला कर्ज थकण्याच्या कितीतरी आधी कळत होतं. दुकानदारालाही, कुणीतरी दारात येतं म्हणून रोज पैसे बाजूला टाकायची शिस्त लागत होती. क्यूआर कोड यातलं एकही काम करत नाही. त्यामुळे कुठल्याही पतसंस्थेच्या संचालकांनी विक्रेत्याला बोलावण्याआधी आपल्या सर्वांत जुन्या एजंटला आणि वसुली अधिकाऱ्याला समोर बसवावं, आणि त्यांच्या प्रत्येक वहीतून, प्रत्येक फेरीतून आणखी काय काय हाती येतं ते लिहून काढावं. मग कोड जरूर लावावा. कमिशनातून जे वाचेल त्याचा काही भाग त्याच एजंटला आठवड्यातून एक फेरी मारायला द्यावा, आणि कर्ज समितीच्या बैठकीत त्याला खुर्ची द्यावी.